लागवडीच्या सागाची कैफियत

लागवडीचा साग म्हणजे नावाचा साग, खरा साग तो जंगलातला, हे मत आपल्याकडे आता इतके रूढ झाले आहे की घर बांधणारा गृहस्थ, त्याला चौकटी करून देणारा सुतार, वखारीचा मालक आणि वर्तमानपत्रातून वनखात्याला खडे बोल सुनावणारा लेखक हे चौघे एरवी कोणत्याही बाबतीत एकमेकांशी सहमत होत नसले, तरी या एका मुद्द्यावर त्यांच्यात तिळमात्र मतभेद आढळत नाही. या मताचा तपशील असा की, मनुष्याने ओळीत लावलेले झाड भराभर वाढते; भराभर वाढलेले लाकूड हलके आणि ठिसूळ निपजते; निसर्गाच्या मनाप्रमाणे शेदीडशे वर्षे सावकाश वाढलेल्या वृक्षाची सर त्याला कधीही येणार नाही; आणि म्हणून सागाची लागवड हा सरकारी पैशाचा अपव्यय असून, आहेत ती झाडे कुऱ्हाड न लावता वाढतील तशी वाढू देणे हेच शहाणपणाचे. या चार विधानांपैकी पहिले अर्धवट आहे, दुसरे सागाच्या बाबतीत सपशेल चूक आहे, तिसऱ्यात काही तथ्य आहे पण त्याचे कारण भलतेच सांगितले जाते, आणि चौथे तर असे आहे की ज्या दोषांबद्दल ही मंडळी लागवडीला बोल लावतात, त्यांतले बहुतेक दोष त्या चौथ्या उपदेशाप्रमाणे वागल्यामुळेच लाकडात उतरले आहेत.

प्रतिपक्षाचा आवडता दाखला मुंबईच्या गोदीचा असतो. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली मलबारच्या सागातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज दोन शतके उलटून गेल्यावरही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे, आणि ते लाकूड निःसंशय जंगलचे होते. दाखला खरा आहे. मात्र तो देणारे त्याच्या पुढची हकीकत सांगत नाहीत. ज्या मलबारने मुंबईला हे लाकूड पुरवले, तेथील सागवान, वाढीचा हिशेब न ठेवता आणि पुढच्या पिढीची तजवीज न करता तोडले गेल्यामुळे इतके विरळ झाले की तेथील कलेक्टर एच. व्ही. कॉनली याला १८४० नंतर निलांबूर येथे सागाची लागवड हाती घ्यावी लागली. सागाचे टणक फळ रुजता रुजत नाही. आरंभीचे प्रयत्न फसले. चातू मेनन या देशी अधिकाऱ्याने रोपे तयार करण्याची रीत बसवली तेव्हा कोठे काम मार्गी लागले. १८५५ साली कॉनलीची हत्या झाली, पण लागवड थांबली नाही, आणि त्या पहिल्या लागवडीचा एक लहानसा तुकडा ‘कॉनली प्लॉट’ या नावाने आजही राखलेला आहे. तेथील चाळीस मीटरांहून उंच गेलेल्या वृक्षांकडे मान वर करून पाहताना ‘याला म्हणतात जंगलचा साग’ असा उद्गार ज्याच्या तोंडून निघेल, तो मनुष्याच्या हातच्या लागवडीचीच स्तुती करीत असेल. जावा बेटाची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे डच अंमलापासून साग लावला जातो, साठ ते ऐंशी वर्षांच्या आवर्तनाने तोडला जातो, आणि त्या लाकडाचे सामान जगभरच्या बाजारात सागाच्या पूर्ण इभ्रतीने विकले जाते. झाड मनुष्याने लावले की आपोआप बी पडून उगवले, याची नोंद लाकडाच्या पेशींत कोठेही होत नसते. नोंद होते ती झाडाला किती जागा मिळाली, किती ऊन मिळाले, कोणत्या वयात फांद्या गेल्या, बुंध्याला आग लागली की नाही, आणि अखेर कुऱ्हाड केव्हा पडली, एवढ्याच गोष्टींची. आणि या सगळ्या गोष्टी व्यवस्थापनाच्या आहेत.

आता वेगाचा मुद्दा. सावकाश वाढलेले लाकूड तेवढे मजबूत, हा सिद्धांत निराधार आहे असे मी म्हणत नाही. तो सागाचा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. उत्तर युरोपातल्या पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी वृक्षांत, झाड फार झपाट्याने वाढले तर प्रत्येक वर्षाच्या वलयातला हलक्या, पातळ भिंतींच्या पेशींचा भाग वाढतो आणि लाकडाची घनता उतरते, म्हणून त्या देशांत बारीक वलयांच्या लाकडाला मान असणे स्वाभाविक आहे. सागाची रचना निराळी. पावसाच्या तोंडावर नवी पालवी फुटते तेव्हा साग प्रथम मोठ्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या नलिकांचा एक पट्टा घालतो, आणि हंगाम पुढे सरकला म्हणजे त्या पट्ट्याबाहेर जाड भिंतींच्या तंतूंचे घट्ट लाकूड भरू लागतो. नलिकांचा तो पट्टा वर्ष चांगले असो की वाईट, थोड्याफार फरकाने तेवढाच राहतो. वाढ अधिक झाली तर अधिक पडते ते तंतूंचे घट्ट लाकूड. परिणाम असा की ज्या झाडाची वलये केसासारखी बारीक झाली, त्याच्या लाकडात पोकळ नलिकांचेच प्रमाण अधिक होते आणि ते हाताला हलके, कामाला ठिसूळ लागते. उलट मध्यम रुंदीच्या वलयांचा साग बळात कोठेही उणा पडत नाही. इंग्लंड-फ्रान्समधला ओक याच जातीच्या रचनेचा आहे, आणि भराभर वाढलेला ओक अधिक कठीण असतो हे तिकडचे सुतार पूर्वापार जाणतात. पिंपांसाठी आणि लाकडाच्या पातळ पापुद्र्यांसाठी ते सावकाश वाढलेला ओक शोधतात तो त्याच्या मऊ, एकसारख्या पोतासाठी.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत व्ही. डी. लिमये यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी आयुष्ये खर्ची घालून भारतीय लाकडांच्या बळाची कोष्टके सिद्ध केली, आणि तेथे सागाला १०० गुण धरून बाकीच्या सर्व लाकडांची प्रतवारी त्याच्या प्रमाणात मांडण्याची पद्धत आहे. म्हणजे ज्याच्याशी इतरांची तुलना करायची ते मापच साग. पुढे केरळात पीची येथील वनसंशोधन संस्थेत के. एम. भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वयांच्या लागवडीच्या सागाची तपासणी केली, तेव्हा वाढीचा वेग वाढला म्हणून घनता घटली, असा संबंध काही आढळला नाही, आणि एकवीस वर्षांच्या झाडाचे लाकूड बळाच्या दृष्टीने साठीच्या घरातल्या झाडाच्या जवळपास निघाले. जो सुतार ‘लागवडीचे आहे, मोडेल’ म्हणून मान हलवतो त्याच्या अनुभवाचा मी अनादर करीत नाही. त्याच्या हाताखालची फळी मोडत असेलही. परंतु ती ज्या कारणाने मोडते ते वेगापाशी सापडणार नाही, ते त्या झाडाच्या बालपणी आणि तारुण्यात त्याची जी हेळसांड झाली तिच्यात शोधावे लागेल.

ती हेळसांड कशी होते, हे समजण्यासाठी सागाची लागवड कोणत्या हिशेबाने करतात ते पाहिले पाहिजे. पूर्वापार पद्धतीत सागजड्या, म्हणजे वर्षभराच्या रोपांची छाटून तयार केलेली मुळे, दोन दोन मीटरांवर लावतात. हेक्टरी अडीच हजार झाडे होतात. एवढ्या दाटीने लावण्यात वनखात्याचा काही हव्यास नसतो. दाटीत झाड ऊन शोधीत सरळ वर जाते, खालच्या फांद्या सावलीत लहान असतानाच मरून गळतात, आणि बुंधा स्वच्छ राहतो. परंतु ही दाटी मुदतीची आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी एकाआड एक ओळ काढून झाडे निम्मी करायची, आठव्या-दहाव्या वर्षी पुन्हा निम्मी, म्हणजे सहाशेच्या आसपास आणायची, आणि त्यानंतर ओळीचा विचार सोडून एकेका झाडाकडे पाहून, वाकडे, दुभंगलेल्या शेंड्याचे, रोगट आणि दबलेले काढीत काढीत, साठीच्या सुमारास हेक्टरी शंभर-दीडशे निवडक झाडे उभी ठेवायची, असा तो संकल्प असतो. या कामाला विरळणी म्हणतात, आणि माझ्या मते सागाच्या लाकडाचा गुण ठरवणारी याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. लावताना चूक झाली तर ती बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसते आणि सुधारता येते. विरळणी चुकली तर ती चूक चाळीस वर्षांनी करवतीखाली दिसते, आणि तोवर ती करणाऱ्या अधिकाऱ्याची बदलीच काय, निवृत्तीही होऊन गेलेली असते.

बल्लारशाहसारख्या लाकडाच्या आगारात, लिलावासाठी रचलेल्या ओंडक्यांच्या थप्पीपुढे, जाणकाराने तोंडांकडे नीट पाहिले तर झाडाचे सारे चरित्र तेथे वाचता येते. एखाद्या ओंडक्याच्या मध्याशी पहिली पाच-सहा वलये बोटाच्या पेराएवढी रुंद असतात. तेवढ्या वर्षांत शेजाऱ्यांचा त्रास नव्हता. मग एकाएकी ती इतकी बारीक होतात की मोजायला भिंग घ्यावे. येथे पहिली विरळणी व्हायला हवी होती ती झाली नाही, आणि अडीच हजार झाडे एकमेकांची मुळे आणि पाने उपाशी मारीत उभी राहिली. अशी पंधरा-वीस वर्षे गेल्यावर कोणा अधिकाऱ्याला जाग आली, एकदम निम्मे जंगल मोकळे झाले, आणि वलये पुन्हा रुंद झाली. परंतु त्याच वर्षापासून ओंडक्याच्या कडेला लहान लहान गाठींचे ठिपके दिसू लागतात, कारण इतकी वर्षे सावलीत राहिलेल्या बुंध्यावर अकस्मात ऊन पडताच सालीखालचे सुप्त डोळे जागे होऊन त्याला ठिकठिकाणी धुमारे फुटले. मध्यबिंदू एका बाजूला सरकलेला असेल तर झाड कलंडलेले होते, आणि त्याच्या एका अंगाला जे ताणलेले लाकूड तयार झाले ते फळी वाळताना पीळ घेणार आणि रंधा मारताना लोकरीसारखे तंतू उभे करणार, हे आधीच सांगता येते. बुंध्याशी काळपट, पोकळ कोनाडा दिसला तर उन्हाळ्यात जाळरेषा वेळेवर साफ केलेली नव्हती, पाल्याला लागलेली आग बुंध्यापर्यंत पोहोचली, साल भाजली, आणि त्या जखमेतून कूज आत शिरली. या पाच-सहा गोष्टींपैकी एकही गोष्ट झाड लावल्यामुळे किंवा ते वेगाने वाढल्यामुळे घडलेली नाही. घडली ती त्याच्याकडे पाहिले नाही म्हणून.

गाठींविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण घरमालकाला लाकडाचा राग येतो तो बहुधा गाठीवरून. गाठ दोन प्रकारची. जिवंत फांदीभोवती खोड वाढत गेले तर फांदीचे तंतू आणि खोडाचे तंतू एकजीव होतात. अशी गाठ दिसायला खुपेल, पण जागची हलणार नाही. फांदी मेली आणि तिचा खुंट तसाच राहून खोड त्याच्याभोवती वाढले, तर तो खुंट लाकडात खिळ्यासारखा नुसता रुतलेला असतो. फळी वाळली म्हणजे तो आक्रसून सुटतो, आणि रंध्याचा एक फटका बसताच टपकन खाली पडून फळीत आरपार भोक राहते. विरळ लावलेल्या शेतबांधावरच्या सागात खालच्या फांद्या आपोआप मरत नाहीत, त्या जाड होतात. तेथे छाटणी केलीच पाहिजे, आणि ती फांदी अंगठ्याएवढी व्हायच्या आत, खुंट न ठेवता, पण फांदीच्या मुळाशी असलेली सालीची वळी न दुखवता केली पाहिजे. फांदी मनगटाएवढी झाल्यावर कोयत्याने तोडून टाकणे म्हणजे छाटणी नव्हे. ठाणे-कुलाबा भागात भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन पेरण्याआधी भाजण्यासाठी, सागाचा पाला आणि डहाळ्या तोडण्याची वहिवाट होती, जिच्या हक्काचा वाद १८८५ ते १८८७ च्या मुंबई वन आयोगापर्यंत गेला. त्या वहिवाटीच्या न्यायान्यायात न शिरता इतके म्हणता येते की अशी वर्षानुवर्षे ओरबाडलेली झाडे जंगली होती, कोणी लावलेली नव्हती, आणि तरीही त्यांच्या लाकडात सलग, निर्दोष फळी निघणे दुरापास्त होते.

तिसऱ्या विधानात तथ्य आहे असे मी आरंभी म्हटले, ते आता सांगतो. सागाची कीर्ती केवळ बळावर उभी नाही. वाळवी, बुरशी आणि पाणी यांना तो दाद देत नाही, हे तिचे खरे मूळ आहे. हा गुण त्याच्या गाभ्यातल्या तेलकट आणि रंगीत द्रव्यांचा आहे, आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ती द्रव्ये नसतात, म्हणून सागाचा पांढरा भाग वाळवी तितक्याच आवडीने खाते जितक्या आवडीने ती आंब्याची फळी खाते. तरुण झाडात पांढऱ्याचे प्रमाण मोठे असते, यात काही गूढ नाही, साधे गणित आहे. वीस सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याला भोवताली तीन सेंटिमीटर पांढरे असेल तर गाभा जेमतेम निम्मा उरतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याला तेवढेच तीन सेंटिमीटर पांढरे असले तर पाच भागांतले चार भाग गाभा असतो. शिवाय झाडाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांचे, मध्याजवळचे लाकूड गुणाने काहीसे अस्थिर असते आणि त्यातला गाभा उशिरा तयार झालेल्या गाभ्याइतका टिकाऊ नसतो. केरळात घराभोवती, पाणथळ परसात वाढलेल्या सागाचा रंग फिका आणि कुजीला प्रतिकार कमी आढळला आहे. म्हणून ज्यांनी ठिबक लावून उसासारखे पाणी देत साग वाढवला, त्यांनी आपल्या लाकडाच्या टिकाऊपणाची फार आशा धरू नये. परंतु या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष लागवडीच्या विरुद्ध जात नाही. तो अकाली तोडीच्या आणि चुकीच्या जागेच्या विरुद्ध जातो. जंगलातून वीस वर्षांचे झाड तोडून आणले तर त्यालाही एवढेच पांढरे असेल.

आज आपल्या सुताराच्या हाती लागवडीचा म्हणून जो साग पडतो त्यातला मोठा हिस्सा परदेशातून येतो, ही गोष्टही विसरून चालणार नाही. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, आणि त्याआधीपासूनच आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतला, कमी वयात तोडलेला बारीक घेराचा साग जहाजे भरभरून न्हावाशेवा आणि कांडला बंदरांत उतरू लागला होता. तो वखारीत ‘आफ्रिकन’ किंवा ‘इक्वाडोर’ या नावाने ओळखला जातो, स्वस्त असतो, त्यात पांढरे पुष्कळ असते, आणि वर्षभरात त्याच्या चौकटीला भुंगा लागला की बोल लागतो तो सरसकट सर्व लागवडीला. चांद्याच्या लागवडीतल्या पन्नाशीच्या झाडाने या अपराधाची शिक्षा का भोगावी?

लागवडीला बदनाम करणारे एक दुसरे प्रकरण आपल्या घरातलेच आहे. १९९० नंतरच्या दशकात सागाच्या नावाने गुंतवणुकीच्या ज्या योजना निघाल्या, त्यांची गुळगुळीत माहितीपत्रके पाहिलेले वाचक अजून असतील: आज काही हजार रुपये भरा, वीस वर्षांनी झाडामागे लाखाच्या बाता. १९९९ साली ‘सेबी’ने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले तोवर अनेकांचे पैसे बुडाले होते. आर्थिक फसवणुकीविषयी पुष्कळ लिहिले गेले; वनशास्त्राच्या दृष्टीने जो विनोद त्यात दडला होता त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. काही योजनांत झाडे नगावर विकली होती, आणि जे झाड सोलापूरच्या शिक्षकाच्या नावावर व शेजारचे जे नागपूरच्या विधवेच्या नावावर, त्यांतले कोणते विरळणीत काढायचे? करारात विरळणीला जागाच नव्हती. म्हणजे ज्या झाडांकडून मोठ्या घेराच्या सागाचा भाव अपेक्षित होता, त्यांना मोठा घेर येण्याची वाट करारानेच बंद केलेली होती. त्याच काळात ‘टिश्यू कल्चरचा साग’ हे शब्द मंत्रासारखे उच्चारले जात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास ऊतिसंवर्धनाने सागाची रोपे तयार करण्यात जे यश आले ते खरोखर स्पृहणीय होते. परंतु निवडक झाडाची हुबेहूब रोपे मिळणे ही सुरुवात आहे, आणि चांगल्या कुळातले रोप दाटीत कोंडले तर तेही काठीच होते. मौजेची गोष्ट अशी की योजनावाल्यांचा आणि त्यांच्या टीकाकारांचा सिद्धांत मुळात एकच होता: सागाचे भवितव्य वेग ठरवतो. एकाने त्याची जाहिरात केली, दुसऱ्याने त्याची निंदा केली, आणि मधल्या चाळीस वर्षांच्या कामाचा विचार दोघांनीही केला नाही.

येथे एक आक्षेप मी आपण होऊन मान्य करतो, म्हणजे तो माझ्यावर उलटवला जाऊ नये. उभे मिश्र जंगल, ज्यात ऐन, बिजा, हळदू, मोह, तेंदू आणि बांबू सुखाने नांदत होते, ते साफ करून तेथे नुसता साग लावणे, हे धोरण आपल्या राज्यात पुष्कळ वर्षे चालले आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. त्या वादात मी टीकाकारांच्या पंक्तीला बसतो. परंतु साग कोठे लावावा हा एक प्रश्न, आणि लावलेल्या सागाचे लाकूड कसे निपजते हा दुसरा. पहिल्या प्रश्नावरचा राग दुसऱ्याच्या उत्तरात मिसळला की दोन्हीही उत्तरे बिघडतात.

आणि ती उत्तरे बिघडल्याचा परिणाम कागदावर राहत नाही, जंगलात दिसतो. विरळणीचा कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, सुरू झाला, बल्ल्या आणि फाटे रस्त्याकडेला रचले गेले, की ‘हजारो सागांची कत्तल’ या मथळ्याखाली छायाचित्र येते. मग विचारणा होते, खुलासे मागवले जातात, आणि पुढच्या साली हाताखालचा अधिकारी धोका नको म्हणून विरळणीचा प्रस्तावच दफ्तरी दाखल करून ठेवतो. विरळणीच्या बारीक मालाला भाव थोडा, मजुरीचा खर्च मोठा, आणि वर बदनामी फुकट. काम न करण्याला याहून अधिक कारणे कोणाला हवीत? ज्वारीचा पेरा दाट उगवला तर शेतकरी निम्मी रोपे उपटून टाकतो, त्याला कोणी खुनी म्हणत नाही, कारण कणीस चार महिन्यांत दिसते. सागाचे कणीस दिसायला दोन पिढ्या लागतात, म्हणून ज्याने रोप उपटले त्याच्यावर आरोप ठेवणे सोपे जाते. त्या छायाचित्राखाली जे सात्त्विक संतापाचे दोन परिच्छेद छापले जातात, त्यांचे लेखक तीस वर्षांनी त्याच जंगलातल्या काठ्या पाहून म्हणणार आहेत की पाहा, आम्ही सांगत नव्हतो का, लागवडीचा साग असाच.

सरकारी जंगलाची ही स्थिती, तर खाजगी मालकीच्या सागाची त्याहून बिकट. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने साग अनुसूचित वृक्षांत आहे; स्वतःच्या बांधावरचा, स्वतः लावलेला साग तोडायला परवानगी लागते, आणि तोडलेला माल हलवायचा तर १९२७ च्या वन अधिनियमाखालील वाहतूक परवाना निराळा. चोरटी तोड रोखण्यासाठी हा बंदोबस्त आहे, आणि त्याची गरज मी नाकारीत नाही. परंतु विरळणी आणि तोड यांत तो काही भेद करीत नाही. शंभर पक्व झाडांसाठी जी दरखास्त, सातबारा, मोजणी, पंचनामा आणि हॅमरचा शिक्का, तीच यातायात आठ वर्षांच्या पन्नास काठ्यांसाठी, ज्यांचा सारा पैसा खेपेच्या भाड्यातच जायचा. लागवडीची नोंद सातबाऱ्यावर आहे आणि काढायची झाडे ठरावीक घेराच्या आतली आहेत, एवढे पाहून ग्रामपातळीवरच अशा विरळणीला मोकळीक देण्यात कायद्याचे काय बिघडणार आहे, हे लागवडीवर टीका करणाऱ्यांनी एकदा सांगावे. कारण तशी मोकळीक नसल्यामुळे कोकणातला किंवा यवतमाळकडचा जो शेतकरी दोन एकरांत साग लावून बसला आहे, तो परवान्याच्या भीतीने वीस-पंचवीस वर्षे एकाही झाडाला हात लावीत नाही, आणि मुलीचे लग्न किंवा विहिरीचे काम निघाले की एकाच दरखास्तीत सगळी झाडे ठेकेदाराला उभी देऊन टाकतो, आणि ठेकेदार ती घेताना सांगतो की लागवडीचा माल आहे, याला भाव नाही.